मिस्टर गॅदरकोल यांचा शब्द

बर्ट गॅदरकोलच्या हातांइतके चांगले हात मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत, आणि त्या हातांना जोडलेल्या माणसाइतका हलका माणूसही पाहिला नाही. पहिली गोष्ट सगळे कबूल करतात. दुसरी सांगायला मी आहे.

आम्ही दोघंही केटलबीचे. केटलबीत जोडे बनतात, दुसरं काही बनत नाही. त्याचा बाप जोड्यांना तळ ठोकायचा, माझा बाप चामडं कापायचा. म्हातारी राणी वारली त्या वर्षी आम्हा दोघांनाही काउंटीने नोकरीवर घेतलं, मला गोलंदाज म्हणून आणि त्याला यष्टिरक्षक म्हणून. काउंटीच्या संघात तेव्हा दोन जाती असायच्या, पगारी आणि हौशी. पगारी म्हणजे आमच्यासारखे. हौशी म्हणजे ज्यांच्या पोटाची सोय आजोबांनीच करून ठेवलेली असे जंटलमन. त्यांची कपडे बदलायची खोली वेगळी, जेवणाचं टेबल वेगळं, मैदानात उतरायचं फाटकसुद्धा वेगळं. ते पॅव्हिलियनच्या मधल्या पायऱ्यांवरून उतरायचे, आम्ही बाजूच्या मुतारीजवळच्या फाटकातून. छापील गुणपत्रकात त्यांच्या नावाला ‘मिस्टर’ लागायचं, आमचं नुसतं आडनाव. मला याचं कधी दुःख झालं नाही. त्यांच्यातले निम्मे बॅट उलटी धरायचे.

मी मध्यम वेगाने टाकायचो, पण माझा चेंडू टप्पा पडल्यावर आत किंवा बाहेर चावायचा, आणि तो कुठे जाणार हे कधीकधी मलाही ठाऊक नसायचं. बर्टला ठाऊक असायचं. तो यष्ट्यांना नाक लावून उभा राहायचा. इतर कीपर माझ्या गोलंदाजीला चार पावलं मागे सरकायचे; बर्ट मागे सरकणं म्हणजे पळून जाणं समजायचा. फलंदाजाचा मागचा पाय केसभर उचलला की बेल्स उडालेल्या असायच्या, आणि फलंदाज अजून आपला फटका कसा दिसला याचाच विचार करत असायचा. या उभं राहण्याची किंमत त्याची बोटं द्यायची. रोज सकाळी तो खाटकाकडून गोमांसाचे दोन कच्चे काप आणायचा आणि हातमोज्यांच्या आत तळव्यावर बसवायचा. तरीही बोटं मोडायची. मोडलेली बोटं तो स्वतःच खेचून सरळ करायचा आणि पुढच्या चेंडूला वाकायचा.

आणि तेव्हा तो सरळ होता, हेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेजारच्या काउंटीचा नोआ स्टब्ज नावाचा एक पगारी फलंदाज होता. आमच्यापेक्षा वयाने मोठा, टकलू, मितभाषी. कीपरने झेल घेतला म्हटलं की हा पंचाकडे न बघता चालू पडायचा. एकदा माझ्या चेंडूवर असाच निघाला. अर्ध्या वाटेवर गेला असेल, तर बर्ट ओरडला, “नोआ, मागे फीर. हातात यायच्या आधी टेकला होता.” नोआ परत आला आणि त्याने शतक ठोकलं. मी बर्टला दिवसभर शिव्या घातल्या. तो म्हणाला, “सायलस, तुला विकेटच हवी ना? मग बरा टाक की.”

असा तो होता. मग त्याला बाई भेटली. तसा बाईचा यात काही दोष नाही.

विनिफ्रेड टेबट ही बीअरवाल्या टेबटची एकुलती एक मुलगी. अर्धी काउंटी टेबटची बीअर प्यायची आणि उरलेली अर्धी तिला नावं ठेवत प्यायची. विनिफ्रेड सामन्यांना येऊन बसायची ती यष्ट्यांच्या रेषेत, कारण तिला कीपिंग बघायचं असायचं. मैदानावर येणाऱ्या बायकांत हे कळणारी ती एकटीच होती. ती बर्टच्या प्रेमात पडली ती त्याच्या हातांपायी, आणि त्यात तिची चूक झाली असं मला वाटत नाही. म्हातारा टेबट आधी थयथयाट करून मोकळा झाला. मग त्याने अट घातली. “जोडेवाल्याचं पोर चालेल,” तो म्हणाला, “पण माझा जावई चार शिलिंगांच्या बिदागीवर खेळणार नाही. खेळायचं तर जंटलमन म्हणून खेळायचं.”

बर्टने लगेच हो म्हटलं. पी हळद आणि हो गोरी.

हिवाळ्यात लग्न झालं. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी आम्ही पगारी आमच्या खोलीत जोड्यांना पांढरी माती फासत बसलो होतो. बर्टची खुंटी रिकामी होती. खिडकीतून पाहतो तर मधल्या पायऱ्यांवरून पट्ट्यापट्ट्यांचा कोट घातलेला, मानेला रेशमी रुमाल बांधलेला कुणी इसम उतरत होता, आणि उतरताना पायाखाली बघत होता, कारण त्या पायऱ्यांची त्याला सवय नव्हती. गुणपत्रकात छापलं होतं: मिस्टर गॅदरकोल. मी बाहेर गेलो.

“बर्ट, तंबाखू आहे का रे?”

त्याने आधी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकतंय का ते. मग नवीन आवाजात, नाकातून, मला आडनावाने हाक मारत म्हणाला, “पार्जिटर, मैदानावर तरी ‘मिस्टर गॅदरकोल’ म्हणत जा. माझ्यासाठी नाही रे. रीत म्हणून.”

“आणि तंबाखू?”

“आता मी सिगार ओढतो.”

हा आवाज त्याने हिवाळाभर एका निवृत्त पाद्रीबुवाकडे जाऊन शिकून घेतला होता, हे नंतर कळलं. पाद्रीबुवाने शिकवलं ते चर्चमध्ये चालण्यासारखं होतं. यष्ट्यांमागून “हाउ वॉज दॅट, पंचमहोदय?” असं ऐकू आलं की प्रेक्षकांत हशा पिकायचा. पूर्वी हाच माणूस असा बेंबीच्या देठापासून ओरडायचा की पंच दचकून बोट वर करायचे.

आमचे कर्णधार मिस्टर लॅसेल्स. उंच, देखणे, फलंदाजी शून्य. ते कधी कुणाशी उद्धटपणे वागले नाहीत. उद्धटपणा करायला समोरचा माणूस दिसावा लागतो. बर्टला त्यांनी आपल्या खोलीत दरवाजामागची खुंटी दिली, म्हणजे दरवाजा उघडला की त्याचे कपडे भिंतीला चेंगरायचे. जेवणाच्या टेबलावर त्याला टोकाची खुर्ची मिळाली. त्याच्याशी कुणी वाईट बोलत नव्हतं. कुणी काहीच बोलत नव्हतं. तो मात्र प्रत्येकाच्या विनोदाला, तो संपायच्या आधीच, हसायचा. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, आणि इथे तर लांडग्यांना भूकसुद्धा नव्हती.

जूनमध्ये ऊन तापलं. हातमोज्यांतलं मांस दुपारपर्यंत वास मारायला लागायचं. आमच्या खोलीत त्याचं कुणाला काही नव्हतं. तिथे सोळा पायमोजे एकत्र वाळायचे. पण त्या दुसऱ्या खोलीत एके दिवशी मिस्टर लॅसेल्स सहज म्हणाले, “गॅदरकोल, इथे काही मेलंय का हो?”

बस. दुसऱ्या दिवसापासून मांस बंद झालं. मांस बंद झालं तसे तळवे सुजायला लागले. जेवताना काटा-सुरी धरली की त्या वाकड्या, काळ्यानिळ्या बोटांकडे पाहुण्यांच्या नजरा जात. म्हणून नवीन बोट मोडू नये याची काळजी सुरू झाली. आणि ती काळजी सुरू झाल्यावर बर्ट गॅदरकोल माझ्या गोलंदाजीला मागे सरकला. आधी एक पाऊल, मग चार, मग इतका की त्याला हाक मारायला शिट्टी लागावी.

फलंदाज काय मूर्ख असतात? कीपर लांब गेला की ते क्रीज सोडून पुढे येतात आणि माझ्या चेंडूला वळायच्या आतच गाठतात. माझ्या विकेट्स आटल्या. मी षटकांच्या मध्ये त्याच्याकडे गेलो.

“पुढे ये.”

“मला चेंडू नीट पाहायला अंतर लागतं, पार्जिटर.”

“सहा वर्षं नाही लागलं.”

“ती जुनी पद्धत झाली. चांगले कीपर आता मागेच उभे राहतात.”

“तुला अंतर चेंडूपासून नकोय, मिस्टर गॅदरकोल. आमच्यापासून हवंय.”

त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. न ऐकणं तो त्या लोकांकडून चांगलं शिकला होता.

ऑगस्टच्या शेवटी नोआ स्टब्जच्या काउंटीशी आमचा सामना होता. शेजारी म्हणजे जन्माचे वैरी. त्या सामन्याला कारखाने अर्ध्या दिवसावर सुटायचे. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांना जिंकायला थोड्या धावा हव्या होत्या, हातात दोनच गडी होते, आणि खेळत होता नोआ. तो आता थकला होता. त्याची काउंटी त्याला पुढच्या वर्षी ठेवते की नाही अशी कुजबुज होती. पण त्या दिवशी तो भिंतीसारखा उभा होता. दुसऱ्या टोकाचा गडी निव्वळ चेंडू हुकवायला आलेला. नोआ राहिला तर ते जिंकणार, नोआ गेला तर आम्ही. मैदानावरच्या कुत्र्यांनाही हे कळत होतं.

मी टाकत होतो. एक चेंडू मनासारखा पडला, मधल्या यष्टीवर टप्पा पडून बाहेर चावला. नोआच्या बॅटची कड घेऊन तो खाली झुकत मागे गेला. बर्ट पूर्वीसारखा यष्ट्यांना लागून उभा असता, तर तो चेंडू गुडघ्याच्या उंचीवर त्याच्या हातात विसावला असता. पण तो उभा होता मागे. त्याने पुढे झेप घेतली. चेंडू त्याच्या मोज्यांपुढे वीतभर टेकला, धूळ उडाली, आणि मग मोज्यांत गेला. पंचापुढे मी आडवा आलो होतो, बाजूच्या पंचापुढे नोआ. बर्टने उठून चेंडू आभाळात फेकला.

प्रेक्षक वेडे झाले. नोआ मात्र जागेवर उभा राहिला. तो कधीच असा उभा राहत नसे. त्याने मागे वळून साध्या आवाजात विचारलं, “बर्ट, स्वच्छ घेतलास?”

बर्टने पँटवरची धूळ झटकली. “मी शब्द देतो,” तो म्हणाला. “आणि मला मिस्टर गॅदरकोल म्हणतात.”

नोआने एकदा त्याच्याकडे पाहिलं. बॅट काखेत मारली आणि चालू लागला.

आता माझं. ती विकेट माझी होती. गप्प बसलो असतो तर संध्याकाळी लोकांनी मलाही खांद्यावर घेतलं असतं. पण मला गप्प बसवेना. ते न्यायाबियाचं काही नव्हतं. मी न्यायाच्या पाठी लागणारा माणूस नाही. या गड्याने स्वतःचं वाकडं बोट लपवण्यासाठी माझी गोलंदाजी मारली, आणि मारलेल्या गोलंदाजीवर खोटी विकेट भीक घातल्यासारखी माझ्या पदरात टाकली, याचा मला संताप आला होता.

“नोआ, थांब!” मी ओरडलो. “टप्पा पडला होता.”

स्लिपमध्ये मिस्टर लॅसेल्स उभे होते, बर्टच्या हाताच्या अंतरावर. माझ्यापेक्षा त्यांना चांगलं दिसलं असणार. ते झाडांचे शेंडे बघत होते. मग सावकाश माझ्याकडे आले.

“पार्जिटर, तू एका जंटलमनला खोटं ठरवतो आहेस का?”

“नाही साहेब. चेंडू टेकला एवढंच म्हणतोय.”

“मिस्टर गॅदरकोल यांनी शब्द दिला आहे.”

“तुम्ही तिथेच होतात साहेब. तुम्ही सांगा.”

त्यांचे कान लाल झाले. अपिलाची हाक मागे घेणं त्यांच्या हातात होतं. एक शब्द पुरे होता. पण पगाऱ्याच्या सांगण्यावरून घ्यायची म्हणजे काय? “खेळ पुढे चालू द्या,” ते म्हणाले.

बर्ट हातमोज्यांचे बंद आवळत होता. ते आधीच आवळलेले होते.

मी चेंडू पंचाच्या हातात दिला, त्याच्याकडून माझा स्वेटर घेतला आणि निघालो. सगळ्यात जवळ मधल्या पायऱ्या होत्या, म्हणून तिथूनच वर गेलो. हौशी मंडळींचे बायकापाहुणे खुर्च्या मागे ओढत होते, जणू मी भिजलेलं कुत्रं. एक म्हातारी तेवढी म्हणाली, “गडी दमला वाटतं.”

आम्ही जिंकलो. दुसऱ्या आठवड्यात समितीने मला बोलावलं. टेबलामागे पाच मिशा बसल्या होत्या. मिस्टर गॅदरकोल यांची माफी मागितलीस तर पुढच्या वर्षी ठेवू, असं मधल्या मिशीने सांगितलं. मी विचारलं, माफी चेंडूच्या वतीने मागू की जमिनीच्या? त्यावर माझी काउंटीतली कारकीर्द संपली. नोआ स्टब्जचीही संपली. त्याची काउंटी म्हणाली, मोक्याच्या वेळी बाद होतो.

मी उत्तरेला लँकेशायरमध्ये गेलो. रॅमशॉ नावाचं गिरण्यांचं गाव, तिथल्या क्लबला लीगसाठी गोलंदाज हवा होता. लीगमध्ये प्रत्येक क्लबला एकच पगारी खेळाडू ठेवता येतो. बाकीचे दहा विणकर, खाटीक, शाळामास्तर, असे आपापली कामं सांभाळून खेळणारे. तिथे फाटक एकच होतं आणि तेही मोडकं. मला रॅमशॉ आवडलं. तिथल्या बायका गिरणीच्या भोंग्यावर मात करायची सवय असलेल्या आवाजात मला सल्ले द्यायच्या. “ए पगाऱ्या, मध्यावर टाक, मध्यावर! तुझ्या आईला काय अंगणात टाकून दाखवतोयस?”

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये माझ्या खोलीच्या दारावर थाप पडली. बाहेर विनिफ्रेड उभी होती. कोट चांगला, पण गेल्या हंगामातला.

“मिस्टर पार्जिटर, मी इथे आल्याचं त्याला ठाऊक नाही.”

घरमालकिणीने चहा आणला. विनिफ्रेडने सांगितलं ते असं. त्या सामन्याच्या संध्याकाळी लोकांनी बर्टला खांद्यावरून खोलीपर्यंत नेलं. आत गेला तर खोली गप्प. मिस्टर लॅसेल्सनी त्याला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “मैदानावर मला तुमच्या बाजूने उभं राहावं लागलं. पुढच्या मोसमात तुम्हाला कामाचा फार व्याप असणार आहे, नाही का?” बर्टला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, नाही, मी मोकळा आहे. तेव्हा लॅसेल्सनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्या रात्रीच्या मेजवानीला त्याची खुर्ची मांडलेली नव्हती. म्हाताऱ्या टेबटला गुणपत्रकात नाव छापून येणारा जावई हवा होता; नाव छापणं बंद झालं तसा जावई घरात नको झाला. आता बर्ट सासऱ्याच्या गोदामात पिंपं मोजत होता आणि कुणाशी बोलत नव्हता.

“इथे तुमच्या क्लबला कीपर हवा आहे असं ऐकलं,” ती म्हणाली.

“हवा आहे. आमचा कीपर खाटीक आहे. चेंडू आला की डोळे मिटतो.”

“मग?”

“बाई, तुमच्या तोंडावर सांगतो. तुमचा नवरा थुंकायच्या लायकीचा माणूस नाही.”

तिने कप खाली ठेवला. “ते मला नका सांगू. त्याच्यासमोर रोज जेवायला मी बसते. मी विचारते आहे ते हातांबद्दल.”

संध्याकाळी मी आमच्या समितीकडे गेलो. अध्यक्ष पाव भाजायचा धंदा करायचा. त्याने विचारलं, “माणूस कसा आहे?” मी म्हटलं, “नीच. पण घ्या.”

बर्ट आला. गिरणीच्या कचेरीत त्याला काम मिळालं. आणि गंमत बघा, क्लबचा एकुलता एक पगारी मी होतो, त्यामुळे बर्टला बिनपैशाचंच खेळावं लागणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो खराखुरा हौशी झाला, खाटकाच्या आणि विणकरांच्या रांगेत बसून. पहिल्या सामन्याला तो नाकातल्या आवाजात काहीतरी बोलला आणि कुंपणावरून एक बाई खेकसली, “काय म्हणतोय हा? सर्दी झालीय का मेल्याला?” त्यानंतर तो आवाज मी परत ऐकला नाही.

पहिल्या षटकाला तो मागे जाऊन उभा राहिला. मी धावपट्टीच्या टोकाशी थांबलो आणि टाकलंच नाही. उभा राहिलो. पंच म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, कीपर यायची वाट बघतोय. बायका हसल्या. बर्ट एकेक पाऊल करत पुढे आला आणि यष्ट्यांना लागून वाकला. तिसऱ्या चेंडूवर फलंदाजाचा पाय उचलला गेला आणि बेल्स उडाल्या. विनिफ्रेड गिरणीच्या बायकांमध्ये बसली होती. ती उठून उभी राहिली आणि तिने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. बीअरवाल्याची मुलगी हे कुठे शिकली, देव जाणे.

त्यानंतरच्या शनिवारपासून तो खाटकाकडून मांस घेऊन येऊ लागला. त्या उन्हाळ्यात मी आयुष्यातली सर्वांत चांगली गोलंदाजी केली. मैदानाबाहेर मी त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हतो.

फक्त एकदा बोललो. पावसाने खेळ थांबला होता, बाकीचे मंडपात सँडविच खायला गेले होते, आणि सामानाच्या खोपटात आम्ही दोघंच अडकलो. तो स्वतःहून सुरू झाला.

“सायलस, मला वाटलं होतं, तो सामना जिंकला की ते मला आपला म्हणतील.”

मी बाहेर पाऊस बघत होतो.

“उन्हाळाभर त्यांच्यातला एकही माझ्याशी धड बोलला नव्हता. आणि चेंडू असा समोर टेकला. नोआने विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच बघत होते रे.”

“टप्पा पडला म्हणाला असतास तर त्यांनी तुला त्याच संध्याकाळी दारू पाजली असती,” मी म्हटलं. “पैसेवाल्या लोकांना सामना हरणं परवडतं. त्यांचे काटे-चमचे शिकलास, आणि एवढं साधं नाही कळलं तुला.”

तो म्हणाला, “मला त्याचं वाईट वाटतं.”

“मला काय सांगतोस? मी काय टेकलो होतो का जमिनीला? नोआला सांग.”

हे मी त्याला गप्प करायला म्हटलं होतं. पण तो खरंच गेला. एका रविवारी गाडीने दक्षिणेला गेला आणि नोआचं घर शोधून काढलं. नोआ आता एका गल्लीत बॅटी बनवून विकत होता. बर्टने दुकानात उभं राहून सगळं सांगितलं. नोआ बॅटीला तेल चोळत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “मला दिसलं होतं. धूळ उडाली होती.”

“मग गेलास कशाला?” बर्टने विचारलं.

“तू शब्द दिलास ना. तो परत करायला मी कोण?” मग त्याने हातातली बॅट पुढे केली. “आलाच आहेस तर एक घेऊन जा.”

बर्टने घेतली. त्याला वाटलं, माफी मिळाली. परत येऊन त्याने ती संघात सगळ्यांना दाखवली. मी हातात घेऊन पाहिली तर लाकूड असं, की आमच्या केटलबीत जळणालासुद्धा घेतलं नसतं. मी ती त्याला परत दिली. पहिल्याच सामन्यात, दुसऱ्या चेंडूला, ती पात्यापासून मुठीपर्यंत उभी चिरली. एक अर्धा त्याच्या हातात राहिला आणि दुसरा स्लिपमध्ये गेला. गिरणीच्या बायकांनी मैदान डोक्यावर घेतलं. मी मंडपात बसून इतका हसलो की बाकावरून खाली आलो. बर्ट तो अर्धा तुकडा बघत उभा होता, आणि त्याच्या तोंडावरून मला कळलं की नोआचा निरोप त्याला पोचला.

मग लढाई आली आणि लीग बंद पडली. लढाईनंतर माझा खांदा उचलेना, म्हणून मी पंचगिरी धरली. बर्ट मात्र खेळत राहिला, केस पांढरे होईपर्यंत, रॅमशॉच्या दुसऱ्या संघात, अजून यष्ट्यांना नाक लावून. त्याच्या सामन्यात पंच म्हणून उभा राहायची पाळी माझ्यावर अनेकदा आली. तो हाक द्यायचा आणि मी प्रत्येक वेळी इतका वेळ घ्यायचो की लोक ओरडायचे. चुकीचा निर्णय मी त्याला कधी दिला नाही, आणि एक सांगतो, त्यानेही खोटी हाक पुन्हा कधी दिली नाही. सुधारला असेल. मला त्याचं काही नाही. ज्याला सरळ वागायला सगळं गमवावं लागतं, त्याच्या सरळपणाचं कौतुक मी का करू?

गेल्या हिवाळ्यात ट्रामच्या थांब्यावर ती दोघं दिसली. बर्फ पडत होता. त्याच्या बोटांच्या आता नुसत्या गाठी राहिल्यात. कोटाची बटणं विनिफ्रेड लावत होती, एकेक करून, बोलत बोलत, आणि ती काय बोलत होती कोण जाणे, पण तो हसत होता. मग त्याने मला पाहिलं. टोपी काढायला त्याने दोन्ही हात वर नेले, कारण एका हाताने ती धरता येत नव्हती.

मी विनिफ्रेडला मान लववली आणि पुढे चालू लागलो.